आजोबांच्या दुकानातल्या रेल्वे पावत्या: मालभाडं कसं ठरायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांचं पेंड, खत आणि कडब्याचं दुकान होतं. त्यांच्या पेटीत 1940 ते 1965 च्या सुमाराच्या रेल्वे पावत्यांचा गठ्ठा सापडला आणि त्यातल्या तीन गोष्टी उलगडत नाहीत. अकोल्याहून नाशिक रोडला आलेल्या सरकी पेंडीपेक्षा अकोल्याहून औरंगाबादला गेलेल्या तितक्याच पेंडीचं भाडं अंतराच्या मानाने बरंच जास्त आहे. कडब्याच्या पावतीवर माल मोजून एका वजनाचा आहे, पण भाडं त्याहून मोठ्या वजनाचं लावलंय. आणि भिजलेल्या पेंडीच्या भरपाईचा अर्ज नाकारल्याचं एक पत्र आहे. आजोबा नेहमी म्हणायचे, ‘दरपत्रकात रेल्वे स्वस्त, पण घरी येईपर्यंत महाग.’ ते खरं होतं का?

अगदी खरं होतं. मी आधी मालधक्क्यावर आणि पुढे दर तपासण्याच्या कामात नोकरी केली, त्यामुळे या पावत्या माझ्या रोजच्या ओळखीच्या आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: शेतमालाचे आणि शेतीला लागणाऱ्या वस्तूंचे दर छापील पुस्तकात कमीच होते, पण ते दर मिळायचे पूर्ण वाघीण, म्हणजे मालगाडीचा अख्खा डबा, भरू शकणाऱ्याला. शेतकऱ्याकडे वाघीणभर माल नसायचा. म्हणून स्वस्त दराचा फायदा अडत्याकडे, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवाल्याकडे आणि तुमच्या आजोबांसारख्या दुकानदाराकडे थांबायचा, आणि त्यांच्याकडूनही त्यातला बराचसा रेल्वेच्या इतर आकारणीत निघून जायचा.

आधी वजनाचा आणि पैशाचा घोळ सोडवू, नाहीतर कुठलाच हिशेब जुळणार नाही. 1 एप्रिल 1957 पूर्वीच्या पावत्यांवर रुपये, आणे, पै आहेत. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै. वजन मण आणि शेरांत आहे. पण रेल्वेचा मण म्हणजे 40 शेरांचा बंगाली मण, साधारण 82.3 पौंड, आजच्या मापात सुमारे 37.3 किलो. टनाला असे सव्वासत्तावीस मण बसायचे. मुंबई बाजाराचा मण मात्र 28 पौंडांचा होता. कापसाची खंडी अशा 28 मणांची, म्हणजे 784 पौंडांची, आणि तिच्यात 392 पौंडांच्या दोन गाठी. आजोबांच्या खतावणीतला मण कुठला आहे ते आधी ठरवा. दुकानाच्या वहीतले मण आणि पावतीवरचे मण सरळ ताडून पाहिलेत तर रेल्वेने जवळजवळ दोन तृतीयांश माल गिळला असं वाटेल!

आता दर. इंग्रजी राजवटीत सरकारने कंपन्यांना कमाल आणि किमान मर्यादा घालून दिल्या होत्या आणि त्यांच्या आत कंपनी आपला दर ठरवी. दर सांगायची रीत होती ‘एका मणाला एका मैलामागे इतकी पै’. मालाचे वर्ग पाडलेले होते. धान्य, कोळसा, खत, पेंड असा स्वस्त आणि जड माल खालच्या वर्गांत. कापड, यंत्रं, किमती किंवा नाजूक माल वरच्या वर्गांत. जुन्या पाच वर्गांच्या पद्धतीत पहिल्या वर्गाची कमाल मर्यादा मणी-मैली एक तृतीयांश पै होती, तर पाचव्या वर्गाची एक पूर्ण पै. यामागचं तत्त्व सरळ होतं: माल जितकं भाडं सोसू शकेल तितकं घ्यायचं. पेंडीच्या पोत्यावर कापडाच्या गाठीइतकं भाडं लावलं तर पेंड हलणारच नाही, बैलगाडीनेच जाईल किंवा गावातच कुजेल.

अकोला ते नाशिक रोड सुमारे अडीचशे मैल. त्या जुन्या पहिल्या वर्गाच्या कमाल दराने 100 मण मालाचं गणित करून पाहू. 100 गुणिले 250 म्हणजे 25,000 मण-मैल. त्याचा तिसरा हिस्सा 8,333 पै. 192 ने भागलं की 43 रुपये 6 आणे 5 पै. तुमच्या पावतीवरचा आकडा याच्याशी जुळणार नाही, कारण 1922 मध्ये वर्गांची फेरमांडणी झाली, वर्ग वाढले आणि नंतर दरही बदलत गेले. पण रीत हीच. पावतीवर ‘दर’ या रकान्यात मणामागे जो आकडा दिसतो, तो बाबूने दरपुस्तकातून अंतर आणि वर्ग पाहून काढलेला असतो. शिवाय माल चढवण्या-उतरवण्याच्या स्थानकांवरच्या सोयींचा ‘टर्मिनल’ नावाचा आकार वेगळा घ्यायची मुभा 1890 च्या रेल्वे कायद्याने दिली होती.

औरंगाबादच्या पावतीचं उत्तर मनमाडात आहे. अकोला ते मनमाड सुमारे दोनशे मैल जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे, रुंद मार्गाचे. मनमाड ते औरंगाबाद सुमारे सत्तर मैल निजामाच्या रेल्वेचे, मीटरगेजचे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या अरुंद मार्गाचे. लांब पल्ल्याच्या मालाला पुढच्या पुढच्या मैलांना दर उतरत जाई, म्हणजे पहिले शंभर मैल महाग, पुढचे स्वस्त. पण 1 ऑक्टोबर 1948 पर्यंत ही उतरण प्रत्येक रेल्वेवर स्वतंत्रपणे मोजली जायची. मनमाडला माल दुसऱ्या रेल्वेच्या हाती गेला की मैलांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू, आणि तिथले सत्तर मैल सुरुवातीच्या महाग दरात. नाशिक रोडच्या मालाला ते सोसावं लागत नव्हतं, कारण तो सगळा प्रवास एकाच रेल्वेवर होता. 1 ऑक्टोबर 1948 पासून देशभर सलग अंतर धरून उतरता दर लावायचं ठरलं. तुमची औरंगाबादची पावती त्या तारखेच्या आधीची असेल तर हेच कारण. नंतरची असेल, तर माल ज्या मार्गाने आकारला गेला ते आणि कुठला वर्ग लावला ते पाहा. 5 नोव्हेंबर 1951 ला जीआयपी आणि निजाम रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली.

भाडं सलग झालं तरी गेज काही सलग झाला नाही. मनमाडच्या यार्डात रुंद मार्गाची वाघीण आणि मीटरगेजची वाघीण समोरासमोर लावायची आणि हमालांनी पोतं पाठीवर घेऊन एकीतून दुसरीत टाकायचं. मीटरगेजची वाघीण लहान, म्हणून एका मोठ्या वाघिणीचा माल दोन लहान वाघिणींत विभागला जाई. एक आज सुटली, दुसरी चार दिवसांनी. आकडीने पोती फाटायची, पेंड सांडायची, पावसाळ्यात भिजायची. मिरजेला आणि कुर्डुवाडीला हेच चाले. कुर्डुवाडीला तर बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी रुळांवरची गाडी. मराठवाड्यातल्या आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या मालावर गेजबदलाचा जो बोजा अनेक पिढ्या पडला, तो कुठल्याही दरपुस्तकात लिहिलेला नाही. मला त्याची खंत वाटते, कारण आपल्याकडे मालभाड्याची चर्चा होते ती दराच्या आकड्यांवरच.

गठ्ठ्यात मुंबईकडे गेलेल्या मालाची पावती निघाली आणि तिचा मैलामागचा दर आतल्या गावांच्या मानाने फारच कमी दिसला, तर तेही चुकीचं समजू नका. बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला आणि बंदरातून आत येणाऱ्या आयात मालाला खास स्थानक-ते-स्थानक दर असत. आतल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला माल पाठवणाऱ्याला ती सवलत नसे. 1916 ते 1918 च्या औद्योगिक आयोगानेही या पद्धतीवर बोट ठेवलं होतं. अवाजवी झुकतं माप देऊ नये असं 1890 च्या कायद्यात होतंच, पण दाद मागायची जागा धड नव्हती. रेल्वेच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या ॲकवर्थ समितीने 1921 मध्ये शिफारस केल्यावर 1926 ला दरांसाठी सल्लागार समिती आली, तिचा निर्णय बंधनकारक नव्हता. दर न्यायाधिकरण आलं ते 1949 मध्ये.

आता कडबा. इथे आजोबांना कुणी फसवलं नव्हतं. वाघिणीला दोन मर्यादा असतात, वजनाची आणि जागेची. पेंडीची किंवा धान्याची पोती वजनाने वाघीण भरतात. कडबा जागेने भरतो: पेंढ्या छतापर्यंत रचल्या तरी वजन निम्म्यालाही जात नाही. रेल्वेला वाघीण तितकीच अडकते, इंजिनालाही ती ओढावीच लागते. म्हणून हलक्या मालासाठी ‘किमान आकारणी वजन’ ठरवलेलं असे. प्रत्यक्ष वजन त्यापेक्षा कमी भरलं तरी भाडं किमान वजनाचंच. पावतीवर प्रत्यक्ष वजनाचा एक आकडा आणि आकारणीच्या वजनाचा दुसरा दिसतो तो यामुळे. दुष्काळात सरकार चाऱ्याला सवलत देई, तेव्हा दर खाली येत. एरवी कडबा रेल्वेने नेणं परवडायचं ते फक्त घट्ट दाबलेल्या गठ्ठ्यांत. उघड्या वाघिणीतून नेलाच तर इंजिनाच्या ठिणगीने पेटायची भीती असे, म्हणून ताडपत्रीची जबाबदारी पाठवणाऱ्यावर.

हेच गणित कापसाला लागू होतं आणि त्याने वऱ्हाड-खानदेशच्या गावांची ठेवणच बदलली. सुटा कापूस, अर्धी दाबलेली गाठ आणि पक्की गाठ यांचे दर वेगवेगळे होते, कारण पक्क्या गाठींनी वाघीण वजनाने भरे. त्यामुळे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने स्थानकांच्या आसपास उभे राहिले. काही ठिकाणी वाघीण थेट प्रेसच्या सायडिंगवर, म्हणजे बाजूला काढलेल्या रुळावर, लागे. जलंब-खामगाव आणि बडनेरा-अमरावती हे चिमुकले फाटे कापसाच्या बाजारांपर्यंत रूळ नेण्यासाठीच टाकलेले. मूर्तिजापूरच्या शकुंतला या छोट्या रेल्वेचंही तेच. पण ज्याच्याकडे पाच-दहा बैलगाड्या कापूस आहे त्याला पक्की गाठ बांधता येत नसे. तो प्रेसवाल्याला सुटा कापूस विकायचा, आणि गाठीच्या स्वस्त भाड्याचा लाभ तिथून पुढे सुरू व्हायचा.

तिसरी गोष्ट, नाकारलेला अर्ज. त्या भिजलेल्या पेंडीची पावती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्यावर ‘ओ. आर.’ असं असेल, म्हणजे ओनर्स रिस्क, मालकाच्या जोखमीचा दर. एकाच मालाला दोन दर असायचे, रेल्वेच्या जोखमीचा जरा चढा आणि मालकाच्या जोखमीचा जरा उतरता. उतरता दर घ्यायचा तर ‘रिस्क नोट’ नावाच्या छापील करारावर सही करावी लागे. पॅकिंग नीट नसेल तर ‘अ’ नमुना, कमी दरासाठी ‘ब’ नमुना. सही केली की नुकसान झाल्यावर रेल्वेचा हलगर्जीपणा सिद्ध करायचं ओझं बहुतेक वेळा व्यापाऱ्यावर यायचं, आणि वाटेत वाघिणीचं काय झालं हे सिद्ध करणारे कागद तर सगळे रेल्वेकडे. बहुतेक व्यापारी उतरत्या दरावरच सही करायचे, कारण दोन दरांतला फरक रोजच्या धंद्यात दिसायचा आणि जोखीम एखाद्या वेळीच अंगावर यायची.

1 जानेवारी 1962 पासून कायदा बदलला. त्याआधी रेल्वेची जबाबदारी माल सांभाळायला घेतलेल्या सामान्य माणसाइतकी होती. त्यानंतर ती सार्वजनिक वाहकाची झाली, म्हणजे दैवी आपत्ती, युद्ध वगैरे मोजके अपवाद सोडले तर नुकसानीला रेल्वे जबाबदार. पण मालकाच्या जोखमीचा दर राहिला आणि त्यावर नेलेल्या मालाला ही वाढीव जबाबदारी लागू नव्हती. म्हणून तुमच्या पत्रावर दोन तारखा पाहा. पेंड 1962 च्या आधी आली की नंतर, आणि नुकसानीची लेखी सूचना माल रेल्वेकडे सोपवल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेली का. सहा महिन्यांची अट 1890 च्या कायद्यात होती, आजच्या 1989 च्या कायद्यातही आहे. त्या अटीवर कितीतरी खरे दावे बुडाले. स्टेशनमास्तरला तोंडी सांगितलं, धक्क्यावरच्या वहीत शेरा मारून घेतला, म्हणजे झालं अशी लोकांची समजूत असायची. लेखी सूचना योग्य अधिकाऱ्याकडे पोचली नाही, तर त्या शेऱ्याचा कायद्याच्या दृष्टीने फारसा उपयोग नसे.

त्याच पावतीवर ‘एस. डब्ल्यू. ए.’ आणि ‘सेड टू कंटेन’ असे शिक्के आहेत का बघा. पहिल्याचा अर्थ, पाठवणाऱ्याने सांगितलेलं वजन मान्य केलं, आम्ही काट्यावर घातलेलं नाही. दुसऱ्याचा, आत काय आहे ते पाठवणारा सांगतो म्हणून लिहिलं. लहान स्थानकावर वाघिणीचा काटा नसायचा, त्यामुळे हे शिक्के सर्रास. पण पोहोचल्यावर माल कमी भरला तर याच दोन शिक्क्यांवर दावा अडायचा. ‘आर. आर.’ हे मात्र जपून वाचा: पावतीच्या माथ्यावर असेल तर त्याचा अर्थ रेल्वे रिसीट, दराच्या रकान्याशेजारी असेल तर रेल्वे रिस्क.

घरी येईपर्यंत महाग का, याचं मुख्य उत्तर मात्र पावतीत नसून तिला टाचलेल्या छोट्या चिठ्ठ्यांत सापडेल. डेमरेज आणि व्हार्फेज. वाघीण भरायला किंवा रिकामी करायला ठरावीक तास फुकट मिळत. त्याहून जास्त वेळ अडवली की डेमरेज. उतरवलेला माल धक्क्यावर मुदतीपेक्षा जास्त पडून राहिला की व्हार्फेज. नियम म्हणून दोन्ही योग्यच, कारण वाघिणी फिरत्या राहिल्या पाहिजेत. पण तालुक्याच्या दुकानदाराला वाघीण कधी येणार हे आधी कळायची सोय नव्हती. ती अवेळी लागली, बैलगाड्या पेरणीत अडकलेल्या, हमाल दुसऱ्या वाघिणीवर. बिल्टी, म्हणजे हीच रेल्वे पावती, टपालाने यायची, आणि ती हातात नसेल तर माल सुटायचा नाही. मग मुद्रांकावर हमीपत्र लिहून द्यायचं, नाहीतर बिल्टीची वाट पाहत व्हार्फेज भरायचं. पाठवणाऱ्याने ‘टू पे’ लिहून माल सोडला असेल तर भाडंही इथेच रोख भरावं लागे, आणि ते भरेपर्यंत माल अडवून ठेवायचा, शेवटी लिलावही करायचा अधिकार रेल्वेला होता.

वाघीण मिळवण्याचीही एक रांग होती. नोंदणी फी भरायची, नोंदवहीत नंबर लावायचा. दुसऱ्या महायुद्धात वाघिणींची टंचाई झाली तेव्हा प्राधान्याची उतरंड आली: लष्करी माल आधी, मग सरकारी धान्य आणि मदतीचा माल, साखर-खतासारखा ठरवून दिलेला माल, आणि सर्वात शेवटी सामान्य व्यापारी. युद्ध संपलं तरी उतरंड टिकून राहिली. शेतमालाचा हंगाम सगळ्यांचा एकच, त्यामुळे कांद्याच्या आणि केळीच्या पट्ट्यात हंगामात वाघीण मिळणं हीच खरी किंमत होती. नाशवंत मालाला म्हणून पार्सलचा रस्ता होता. सवारी गाडीच्या पार्सल डब्यातून ताजी फळं-भाजी अर्ध्या किंवा पाव पार्सल दराने जाई, आणि परतीच्या रिकाम्या करंड्यांनाही सवलत असे. संत्र्यांच्या करंड्या नागपूरहून अशाच गेल्या.

1958 मध्ये मुदलियार समितीच्या शिफारशींवरून दररचना पुन्हा बदलली आणि पुढे मण जाऊन क्विंटल आले. पण मोठा बदल 1980 च्या दशकात झाला. सुट्या मालाच्या लहान पार्सली आणि एकेक वाघीण घेणं रेल्वेला परवडेना. ती बंद होत गेली, लहान स्थानकांचे मालधक्के मिटले, आणि पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, घेणाऱ्यालाच दर मिळू लागला. 42 वाघिणींची रेक म्हणजे सुमारे अडीच हजार टन. ‘खताची रेक लागली’ असं आज वर्तमानपत्रात वाचता ते हेच. आजोबांच्या काळी वाघीण भरणारा दुकानदार मोठा समजला जाई. आता तोही रेल्वेसाठी लहान झाला आणि ट्रककडे गेला. वाहतुकीच्या दृष्टीने रेल्वेचा हिशेब बरोबर असेल, पण तालुक्याच्या शेतीला तो फार महागात पडला असं मी ठामपणे मानतो.

म्हणूनच 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली तेव्हा मला तिचा वेग किंवा शीतडबे महत्त्वाचे वाटले नाहीत. किमान मालाची अट नाही, चार पेट्या डाळिंब असले तरी घेणार, ही एकच गोष्ट मोठी होती. ऑक्टोबरपासून फळं-भाज्यांच्या भाड्यावर 50 टक्के अनुदानही आलं. सांगोल्याची डाळिंबं त्यातून थेट बंगालपर्यंत गेली. पण अनुदानाचा आधार काढला की अशी गाडी चालवणं अवघड, हे मालभाड्याचा जुना हिशेब ज्याने केलाय त्याला वेगळं सांगायला नको.

आता गठ्ठा असा लावा. आधी तारखेने तीन ढीग: ऑक्टोबर 1948 पूर्वीचे, 1948 ते 1961, आणि 1962 नंतरचे. प्रत्येक पावतीवर प्रत्यक्ष वजन, आकारणीचं वजन, दर, ‘पेड’ की ‘टू पे’, आणि जोखमीचा शेरा टिपा. फॉरवर्डिंग नोटची, म्हणजे पाठवणाऱ्याने माल देताना भरलेल्या अर्जाची, प्रत निघाली तर ती वेगळी ठेवा, कारण पाठवणाऱ्याने कुठला दर मागितला होता ते तिच्यावरच असतं आणि ती क्वचितच टिकते. मग खतावणी उघडा. त्याच तारखांच्या आसपास हमाली, बैलगाडीचं भाडं, व्हार्फेज, डेमरेज आणि फाटलेल्या पोत्यांची घट लिहिलेली असेल. ती मणामागे भाड्यात मिळवा आणि तो आकडा पावतीवरच्या दराशेजारी मांडा.